राहून गेलेलं वाक्य

पाटकर मास्तरांनी लाकडी खुर्ची पुढं ओढली आणि म्हणाले, “बसा, बिलकीसबाई.”

बिलकीस बसली नाही. खुर्चीच्या पाठीला हात टेकून ती उभी राहिली. समोरच्या बाकांवर माणसं खांद्याला खांदा लावून बसली होती. कचेरीतले कारकून, दोन शिक्षिका, बाजारपेठेतले तीन-चार दुकानदार, पुढच्या बाकावर नागपूरकडून नव्यानं बदलून आलेले डॉक्टर. फळ्यावर मास्तरांनी खडूनं लिहिलं होतं : ‘पाड्यांवरचा आजार – कारणे व उपाय’. आणि टेबलामागं, आजच्या सभेचे अध्यक्ष म्हणून, वामनशेठ बसले होते.

जव्हारच्या नागरिक विचारमंडळाची ही सभा दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी, दुपारी तीन वाजता, वाचनालयाच्या माडीवर भरत असे. नळाला पाणी का येत नाही, मोखाड्याच्या एस.टी.च्या फेऱ्या कुणी कमी केल्या, बाजारातलं गटार कुणी उपसायचं, असे विषय असत. मंडळाचा नियम साधा होता. इथं कुणीही उठून बोलावं. बोललेलं इतिवृत्ताच्या वहीत उतरायचं आणि त्याची नक्कल तहसीलदारांना अन् ठाण्याला कलेक्टरांना जायची. बऱ्याचदा नकलेचं उत्तर येत नसे. पण दोनदा आलं होतं, आणि तेव्हापासून लोक मंडळाला मानत होते.

दाराशी जमिनीवर नवशी बसली होती. खोडाळ्याच्या वरच्या अंगाला डोंगरात तिचा पाडा. पन्नाशीची, वाळलेल्या काटकीसारखी बाई. शेजारी तिचा दीर बुध्या उकिडवा बसला होता. पंधरा दिवसांत त्यांच्या पाड्यावर दोन पोरं गेली होती. त्यातला एक नवशीचा नातू, चार वर्षांचा माघ्या. नवशी बोले ती डोंगरातली बोली, भरभर आणि खालच्या आवाजात. मास्तर रत्नागिरीकडचे, डॉक्टर नागपूरचे. दोघांनाही त्यातलं अर्धंमुर्धंच कळे. म्हणून बिलकीसला बोलावलं होतं.

बिलकीसला ती बोली येत होती, कारण तिचा बाप अब्दुल बांगड्या विकायचा. आठ वर्षांची असल्यापासून ती त्याच्याबरोबर खोडाळ्याच्या नि मोखाड्याच्या बाजाराला चालत गेली होती. बांगडी चढवताना बाईचा हात आपल्या हातात असतो आणि बाई बोलत असते. ऐकता ऐकता भाषा आली होती. आता बाप नव्हता. नवरा इदरीस पिंजारी होता, पण गेल्या पावसाळ्यापासून त्याच्या छातीत कापूस बसला होता. चार हात पिंजलं की खोकला त्याला वाकवून टाकी. घर चालत होतं ते बिलकीसच्या दाभणावर. वामनशेठच्या गोदामात फाटक्या गोणी शिवायच्या, भरलेल्या गोणींची तोंडं सुतळीनं टाचायची. राहायला गोदामामागची खोली, तीही शेठचीच.

मास्तर शुक्रवारी बोलवायला आले तेव्हा तिनं नाही म्हटलं होतं. इदरीस आतून म्हणाला होता, “तू क्यूं बीच में पडती है? अपना क्या लेना-देना?” पण शनिवारी सकाळी वामनशेठ स्वतः गोदामात तिच्यापाशी येऊन उभे राहिले. इदरीसचा खोकला कसा आहे विचारलं. पावसाआधी खोलीची कौलं परतून घेऊ म्हणाले. मग जाता जाता म्हणाले, “मंडळाचं काम आहे, जा तू. दुसऱ्या कुणी वेडंवाकडं सांगण्यापेक्षा तू बरी. पाण्याचं काय ते नीट सांग.”

पाण्याचं. तिला कुणी अजून काही विचारलंही नव्हतं.

तेव्हापासून तो शब्द तिच्या डोक्यात होता. रात्रभर तो हलला नव्हता.

माघात एके दुपारी गोदामात चाळीसेक रिकाम्या गोणी आल्या होत्या. शेठनी सांगितलं, या उलट्या करून शिव, छाप आत गेला पाहिजे. छाप म्हणजे इंग्रजी अक्षरं आणि त्याखाली चित्र. माणसाची कवटी, कवटीखाली दोन हाडं, एकावर एक. बिलकीसला अक्षर येत नव्हतं. चित्र कुणालाही येतं.

“शेठ, हे कसलं?” तिनं विचारलं होतं.

“जुना छाप आहे. आत नवा दाणा भरायचा, त्याला जुना छाप कशाला?”

तिनं गोणी उलटल्या. दोन दिवस तिच्या बोटांना लाली होती, आणि नखांच्या कडा चुरचुरत होत्या. तिसऱ्या दिवशी त्या गोणींत लाल दाणा भरला गेला. त्या दुष्काळी वर्षी रेशनवरची लाल परदेशी ज्वारी, मिलो, सगळेच खात होते, लाल रंगाचं कुणाला काय वाटणार? तिनं तोंडं शिवली. गोणी बैलगाड्यांतून मोखाड्याकडं गेल्या, शेठच्या गवताच्या वखारीवर. तिथं गठ्ठे बांधायला आलेल्या मजुरांना मजुरीत दाणा मिळत असे.

पोरं गेल्याचं तिला मोळीवाल्या बायांकडून कळलं होतं. कुणाची पोरं, असं तिनं विचारलं. वखारीवर जाणाऱ्यांची, त्या म्हणाल्या. त्यावर बिलकीसनं आणखी काही विचारलं नव्हतं.

“करू या सुरुवात,” वामनशेठ म्हणाले. त्यांचा आवाज नेहमी मऊ असे. “ये गं म्हातारे, घाबरू नकोस. इथं सगळी आपलीच माणसं आहेत.”

नवशी उठून पुढं आली. तिनं सभेकडं पाहिलंच नाही. बिलकीसकडं पाहून बोलायला लागली, जणू दोघीच बाजारात बसल्या आहेत आणि मधे बांगड्यांची पेटी आहे.

“आदल्या रातीला पोर चांगला व्हता, बाय. खेळला, नाचला. सकाळी ओकारी सुरू झाली. पानी पाजलं तं पानी पन ठरंना.”

बिलकीसनं सांगितलं. तिचा आवाज तिलाच परका वाटला, पण शब्द बरोबर गेले. मास्तरांचा टाक वहीवर कुरकुरला.

“दुपारी हातपाय ताठ झाले. डोळं फिरवलं. मी पाठीवर बांधून खोडाळ्याच्या वाटंला लागली. वढ्यापाशी गेली आन पाठीवर जड झाला. मला कळलं. पन मी उतरवला नाय. तसाच चालत नेला.”

बिलकीसनं तेही सांगितलं. शिक्षिकांपैकी एकीनं पदर तोंडाला लावला. डॉक्टर पुढं वाकले होते.

“आन बाय, हे नीट सांग त्यांना,” नवशी म्हणाली, आणि तिनं बिलकीसच्या मनगटाला हात लावला. “त्याच्या आदल्या दिशी कोंबड्या मेल्या. तीन. त्या खाल्ल्या व्हत्या वखारीवरचा दाना. लाल दाना. मी धुतला तं पानी लाल झालं. परत धुतला, परत लाल. मंग शिजवला, पोराच्या पोटात भूक व्हती. माझ्या सुनंनं नाय खाल्ला, मी नाय खाल्ला, पोरांना दिला आधी. धाकट्या चंद्रीला ताप व्हता, तिनं तोंड नाय लावलं. ती ऱ्हायली. तो दाना हाय का, त्यांना इचार. पानी का दाना, ते शिकलेले हायेत, त्यांना कळंल.”

बिलकीसनं तोंड उघडलं.

माडीवर पंखा फिरत होता. तो वामनशेठनीच मंडळाला दिला होता. वामनशेठ आपल्या डाव्या हाताच्या नखांकडं पाहत होते. तीस वर्षं या डोंगरातल्या माणसांशी त्यांचा व्यवहार. ती बोली त्यांना बोलता येत नसली तरी ‘लाल दाना’ त्यांना कळला होता. त्यांनी मान वर केली नाही. फक्त बोटं थांबवली.

तिला खोली दिसली. खोलीतली खाट दिसली, खाटेवर पाठ भिंतीला लावून बसलेला इदरीस दिसला, कारण आडवं झालं की त्याला श्वास पुरत नसे. आणि त्याच्याही आधी, तिच्या इच्छेविरुद्ध, तिला स्वतःचा हात दिसला, गोण उलटी करणारा. विचारतील, तुला कसं ठाऊक? तू शिवल्यास ना? चित्र पाहिलं होतंस ना? मग पोलीस येतील. शेठना नेणार नाहीत. तिला नेतील.

“काय म्हणते?” मास्तरांनी विचारलं.

“ती म्हणते...” बिलकीस म्हणाली. “ती म्हणते, पोराला पाणीसुद्धा ठरलं नाही. पाण्याचंच काहीतरी असेल का, ते तुम्ही सांगा. तुम्ही शिकलेले आहात.”

डॉक्टरांनी लगेच मान वर केली. “पाणी कुठलं पितात हे लोक? विचारा तिला.”

तिनं विचारलं. ओढ्यात खड्डा खणून झिरपतं ते, नवशी म्हणाली. बिलकीसनं तेवढं अक्षर न अक्षर सांगितलं. मग सभा पाण्याच्याच मागं लागली. खड्ड्याचं पाणी, गुरांचं पाणी, विहिरी आटल्या, टँकर कुठं अडतो. कुणी म्हणालं, पाड्यावर विहीर मंजूर होऊन चार वर्षं झाली. डॉक्टर म्हणाले, पाण्याचा नमुना मागवतो, तोवर औषध टाकायला माणूस पाठवतो. माणसं भल्या मनाची होती, खरोखर कळवळून बोलत होती. नवशी प्रत्येकाच्या तोंडाकडं पाहत उभी होती. ‘पाणी’ हा शब्द तिला कळत होता, आणि तो आला की ती मान हलवत होती.

सभा संपता संपता वामनशेठनी बिलकीसकडं पाहिलं आणि मान किंचित लववली. एखाद्यानं चांगलं शिवणकाम केलं की पाहतात तसं. दाण्यात काय आहे ते माहीत नसतं तर त्यांनी असं पाहिलं नसतं.

जिना उतरून ती जवळजवळ पळतच रस्त्यावर आली. ऊन अजून कडक होतं. कोपऱ्यावर पोचली तोच मागून हाक आली.

“बाय! ये बाय!”

नवशी आणि बुध्या तिच्यामागं आले होते. साडेचारची खोडाळ्याची गाडी त्यांना धरायची होती. नवशीनं येऊन तिचे दोन्ही हात धरले.

“माझं समदं सांगितलंस. तू नसतीस तं माझं तिथं कोन ऐकनार व्हतं?”

बिलकीसला हात सोडवून घेता येईना.

“आता माझ्या जीवाचा घोर गेला,” नवशी म्हणाली. “मी येडी, दान्याला दोस देत बसली. येवढी मोठी मानसं, दान्याचं पन ऐकलं, कोंबड्यांचं ऐकलं, तरी पानीच म्हनाली. म्हंजे दाना बरा हाय.” ती बुध्याकडं वळली. “अर्धी गोन तशीच हाय घरात. पुरून टाकनार व्हतो, हाय ना? घरात दुसरा कन नाय. सून दोन दिस उपाशी हाय. आज जाऊन रांधते. चंद्रीला पन देते, तिचा ताप उतरलाय, भूक भूक करते.”

“आन शेजारच्यांना पन सांगतो,” बुध्या म्हणाला. “त्यांनी पन भ्यानं बाजूला ठेवलाय. समद्या पाड्यानं.”

रस्ता तोच होता, ऊनही तेच. पण बिलकीसला वाटलं, पायाखालची जमीन कुणीतरी हळूच ओढून घेत आहे. मघापासूनची भीती स्वतःसाठीची होती. ही दुसरी निराळी होती. ही पायांतून वर आली आणि पहिलीला ढकलून देऊन छातीभर पसरली. चंद्री. सून. सगळा पाडा. आज रात्री चुली पेटतील आणि तिनं गाळलेलं एक वाक्य पातेल्या-पातेल्यात शिजेल.

“नको,” ती म्हणाली.

“काय, बाय?”

“तो दाना रांधू नका. कुनीच नको.” ती नवशीच्याच बोलीत बोलत होती, पण इतक्या जोरात की समोरचा शिंपी यंत्र थांबवून पाहायला लागला. “मी सांगितलं नाय. दान्याचं मी सांगितलंच नाय त्यांना. त्यांनी ऐकलंच नाय, तं ते काय ठरवनार?”

नवशीनं तिचे हात सोडले. ती बिलकीसच्या तोंडाकडं नुसती पाहत राहिली, आणि त्या पाहण्यात राग असता तर बिलकीसला बरं वाटलं असतं.

“का?” शेवटी नवशीनं विचारलं.

“भ्याली मी.”

नवशीनं मान हलवली. भीती काय असते ते तिला कुणी समजावून सांगायला नको होतं.

“बुध्या, तू गाडी धर,” ती म्हणाली. “घराघरात जा. दाना मातीत घाल, कोंबड्यांच्या पन वाट्याला नको.” बुध्या घुटमळला, दोघींकडं पाहिलं, आणि स्टँडच्या दिशेनं पळत सुटला.

“चल,” नवशी बिलकीसला म्हणाली.

जिन्याच्या सतरा पायऱ्या बिलकीस कशी चढली ते तिचं तिला ठाऊक. वर बाक रिकामे झाले होते. टेबलाच्या एका बाजूला पाटकर मास्तर इतिवृत्त पुरं करत होते, दुसऱ्या बाजूला वामनशेठ बशीत चहा ओतून पीत होते. अध्यक्षांची सही झाल्याशिवाय वही मिटत नसे.

“काय गं, काही विसरलं?” वामनशेठ म्हणाले.

बिलकीसनं त्यांच्याकडं पाहिलं नाही. पाहिलं असतं तर ती परत उतरली असती.

“मास्तर, तिचं एक वाक्य राहिलं. माझ्याकडून राहिलं.”

“कोणतं?”

“पोरांनी लाल दाणा खाल्ला होता. त्याच्या आदल्या दिवशी तोच दाणा खाऊन कोंबड्या मेल्या. हिनं धुतला तर पाणी लाल झालं. हिनं विचारलं होतं, पाणी की दाणा. मी दाणा गाळला.”

मास्तरांनी चष्मा काढला. “गाळला? का?” मग उत्तराची वाट न पाहता, “कुठला दाणा?”

“वखारीवर मजुरीत दिलेला.”

कुठली वखार, हे मास्तरांनी विचारलं नाही. त्या बाजूला वखार एकच होती. त्यांचा हात वहीवरून मागं आला आणि मांडीवर गेला. बिलकीसनं ते पाहिलं. त्या हातात काय शिरलं ते तिला आपल्या हातासारखं ओळखता आलं. मास्तरही भाड्याच्या घरात राहत होते, आणि वाचनालयाची ही माडी कुणाच्या कृपेनं मंडळाला मिळाली होती ते सगळ्या गावाला ठाऊक होतं.

“पुरावा लागतो असल्या गोष्टीला,” मास्तर हळू म्हणाले.

“गोणी मी शिवल्या,” बिलकीस म्हणाली. “छाप आत घालून, उलट्या. छापात कवटी होती, खाली दोन हाडं. मी पाहिली होती. तरी शिवल्या. हे माझं म्हणून लिहा. तिच्या वाक्याखाली, माझ्या नावानं.”

वामनशेठनी बशी खाली ठेवली. ठेवताना ती कपावर वाजली.

“मी धुवून घेतला होता दाणा,” ते म्हणाले. मास्तरांना नाही, बिलकीसलाही नाही, बशीला म्हणाले. “तीन पाणी धुवून घेतला होता. वाळवून मग भरला. मला वाटलं, बियाण्याला लावलेलं औषध जातं धुतल्यावर.”

त्यांना अजून कुणी काही विचारलं नव्हतं.

मास्तर त्यांच्याकडं पाहत राहिले. मग त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला, टाक दौतीत बुडवला, आणि बुडवून तसाच धरून ठेवला. शाईचा एक थेंब वहीच्या कडेला पडला. तो टिपून झाल्यावर मास्तरांनी ‘सभा संपली’ या शब्दांवर आडवी रेघ ओढली आणि खाली नवी ओळ सुरू केली.

“पूर्ण नाव?” त्यांनी मान वर न करता विचारलं.

“बिलकीस इदरीस पिंजारी.”

वामनशेठ उठले. टोपी सारखी केली. त्यांनी सही केली नाही आणि कुणी वही पुढं केलीही नाही. दारातून जाताना ते नवशीच्या शेजारून गेले. नवशी बाजूला सरली नाही, त्यांनाच अंग चोरून जावं लागलं.

त्यांच्या वहाणांचा आवाज एकेक पायरी उतरत गेला. खाली पोचला. रस्त्यावरून डावीकडं गेलं की शेठचं घर लागत होतं. उजवीकडं गोदाम, आणि गोदामामागची ती खोली, जिथं इदरीस भिंतीला पाठ लावून बसलेला असणार. आवाज क्षणभर थांबला. मग उजवीकडं गेला.

बिलकीसनं खुर्चीची पाठ घट्ट धरली.

“वाचून दाखवतो,” मास्तर म्हणाले. “दोघींनी नीट ऐका. काही चुकलं असेल तर आत्ताच सांगा, मग अंगठा.” त्यांनी पहिलं वाक्य वाचलं.

नवशीनं बिलकीसच्या दंडाला हात लावला. “काय म्हनतो? सांग.”

खाली वहाणांचा आवाज आता येत नव्हता. बिलकीस नवशीकडं वळली, आणि तिच्या बोलीत, सावकाश, पहिल्या शब्दापासून सांगू लागली.